बी. फार्म.ला प्रवेश घेताना: मान्यता, कॅप फेऱ्या आणि चार वर्षांचा अभ्यास

डॉक्टरने लिहून दिलेल्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून किंवा मोजून रुग्णाच्या हाती देण्याचा अधिकार आपल्या देशात नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. फार्मसी कायदा, 1948 मधील कलम 42 ने तो राखून ठेवला आहे. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला स्वतः औषध देतो, हा त्यातला मुख्य अपवाद. बाकी कोणी हे काम केल्यास कारावास किंवा दंडाची तरतूद आहे. बी. फार्म.चा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी सगळ्यात आधी हे कलम समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. कॉलेजची मान्यता, अभ्यासक्रम, हजेरी, प्रशिक्षणाचे तास, या सगळ्याचा शेवट राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या नोंदवहीत नाव लागण्यात होतो. प्रवेशाच्या गडबडीत मात्र घरोघरी चर्चा चालते ती पर्सेंटाइलची, फीची आणि कॉलेज एसटीने किती लांब पडते याची. हे प्रश्न खरेच आहेत, परंतु ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. या कॉलेजातून पदवी घेतल्यावर आपली नोंदणी होईल का, हा पहिला.

फार्मासिस्ट होण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची पदविका म्हणजे डी. फार्म.; तिचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते आणि अभ्यासक्रमानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. औषधाचे दुकान चालवायचे किंवा रुग्णालयाच्या औषध विभागात काम करायचे, तर हा सरळ मार्ग आहे. दुसरी वाट चार वर्षांच्या पदवीची, म्हणजे बी. फार्म.ची, या लेखाचा भर तिच्यावर आहे. तिसरी फार्म. डी., जी सहा वर्षांची असून तिचे शेवटचे वर्ष रुग्णालयातील इंटर्नशिपचे असते. डी. फार्म. झालेल्या विद्यार्थ्याला बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे आज पदविका घेतली म्हणजे पदवीचे दार बंद झाले, असे समजण्याचे कारण नाही.

फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण आपल्याकडे 1932 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले आणि कायदा झाल्यानंतर, 1949 मध्ये, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. पीसीआय या नावाने ओळखली जाणारी हीच संस्था अभ्यासक्रम ठरवते, कॉलेजांची तपासणी करते आणि मान्यता देते. मधली बरीच वर्षे एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था, आणि पीसीआय या दोघांच्या अधिकारांवरून वाद चालू होता. विदर्भातील एका फार्मसी संस्थेचे नाव जोडलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये निकाल दिला की, फार्मसी शिक्षणाच्या बाबतीत पीसीआयचा शब्द अंतिम राहील. म्हणून कॉलेजच्या माहितीपत्रकावर कितीही संस्थांची बोधचिन्हे छापलेली असली, तरी पाहायची ती पीसीआयची मान्यता.

या मान्यतेचे दोन टप्पे असतात आणि अनेक कुटुंबांची फसगत नेमकी इथेच होते. नव्या कॉलेजला आधी अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी मिळते, तीही मोजक्या वर्षांसाठी. पुढे पहिली तुकडी अंतिम वर्षाला पोहोचते, तेव्हा पीसीआय पुन्हा तपासणी करते आणि समाधान झाल्यास कायद्याच्या कलम 12 खाली त्या अभ्यासक्रमाला व परीक्षेला मान्यता देते. नोंदणीसाठी लागते ती ही दुसरी मान्यता. ‘आमचे कॉलेज पीसीआयमान्य आहे’ या एकाच वाक्यात दोन्ही टप्पे लपू शकतात. ज्या कॉलेजातून अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही, तिथे प्रवेश घेण्यात गैर काही नाही, परंतु कलम 12 ची मान्यता अजून यायची आहे, हे ठाऊक असून तो घ्यावा. पीसीआयच्या संकेतस्थळावर कॉलेजांच्या याद्या राज्यवार असतात. त्यात कॉलेजचे नाव, अभ्यासक्रम, मंजूर प्रवेशक्षमता आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे, हे चारही तपशील स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. एकाच संस्थेच्या आवारात सारख्या नावांची दोन कॉलेजे असतात, तेव्हा तर पूर्ण नाव आणि गाव ताडून पाहणे फारच गरजेचे.

ही काळजी आज अधिक का घ्यायची, याला कारण आहे. नव्या फार्मसी कॉलेजांवर पीसीआयने 2020-21 पासून पाच वर्षांची स्थगिती घातली होती. ती 2022 मध्ये न्यायालयात टिकली नाही. त्यानंतर कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढली, महाराष्ट्रात तर विशेषच. परिणाम असा की, जुन्या, नावाजलेल्या ठिकाणी चुरस कायम आहे आणि दुसरीकडे अनेक कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. जागा सहज मिळत असताना विद्यार्थ्याने निवडखोर व्हायला हवे. मिळाली ती जागा घेऊन टाकण्याचा हा काळ नाही.

कॉलेज निवडताना एक दिवस काढून प्रत्यक्ष जावे आणि वर्गखोल्यांपेक्षा प्रयोगशाळांत अधिक वेळ घालवावा. पीसीआयच्या निकषांनुसार प्रात्यक्षिकाला 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला हवा. मशीन रूममध्ये गोळ्या पाडण्याचे यंत्र आहे की नाही, एवढेच पाहून थांबू नये. ते चालते का, मागच्या सत्रात त्यावर काय केले, हे तिथल्या लॅब असिस्टंटला विचारावे. निर्जंतुक कामाची खोली, औषधी वनस्पतींची बाग, ग्रंथालयात इंडियन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथाची) अलीकडची आवृत्ती, तसेच शेवटच्या वर्षासाठी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि एचपीएलसीसारखी औषधाचे पृथक्करण करणारी उपकरणे आहेत का, हे बघावे. मुख्य म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी दहा मिनिटे बोलावे. रसायनशास्त्राचे सर किती वर्षे टिकून आहेत, प्रयोग स्वतः करायला मिळतात की जर्नल नुसते उतरवून काढतात, प्रशिक्षणाला कुठल्या कंपनीत किंवा रुग्णालयात गेलात, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाहीत. मुंबईतील आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि कलिनाचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, पुण्याचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी, कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी येथील शासकीय महाविद्यालये, नागपूर विद्यापीठाचा विभाग ही परिचित नावे आहेत. गोव्यात पणजीचे गोवा कॉलेज ऑफ फार्मसी आहे आणि तिथल्या प्रवेशासाठी गोव्याची स्वतंत्र सीईटी द्यावी लागते.

आता प्रवेश परीक्षेकडे वळू. महाराष्ट्रात बी. फार्म.साठी एमएचटी-सीईटी ही राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सर्वांना. त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र. पेपर 200 गुणांचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि प्रश्नांचा भार साधारणपणे अकरावीवर 20 टक्के व बारावीवर 80 टक्के असतो. गणित गटात भौतिक व रसायनचे प्रत्येकी 50 प्रश्न एकेका गुणाचे आणि गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे. जीवशास्त्र गटात जीवशास्त्राचे 100 प्रश्न एकेका गुणाचे. फार्मसीसाठी दोन्ही गट चालतात, आणि एखाद्याने दोन्ही दिले असतील तर त्यातला वरचा पर्सेंटाइल धरला जातो. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित किंवा जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात.

पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत अजूनही होते. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. त्यामुळे कच्च्या गुणांची तुलना न्याय्य ठरत नाही. म्हणून आपल्या सत्रातील किती उमेदवार आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे आहेत, ते शेकड्यात सांगितले जाते. 85 पर्सेंटाइल मिळाला म्हणजे 200 पैकी 170 गुण पडले, असे नव्हे. एखाद्या कॉलेजचा मागील वर्षाचा कटऑफ पाहतानाही प्रवर्ग, फेरी आणि होम युनिव्हर्सिटीची (आपल्या भागातील विद्यापीठाची) जागा की बाहेरची, या तिन्ही गोष्टी जुळवूनच तो वाचावा लागतो.

निकालानंतर राज्याच्या सीईटी सेलची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया सुरू होते, जिला सगळे कॅप म्हणतात. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे कॅपचा अर्ज झाला, असा समज करून घेणारी मुले दरवर्षी भेटतात. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते. कागदपत्रे अपलोड झाली की त्यांची छाननी ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रावर होते, तात्पुरती गुणवत्ता यादी लागते, हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात आणि मग अंतिम यादी येते. तात्पुरत्या यादीत आपले नाव, प्रवर्ग आणि गुण प्रत्येक अक्षर तपासून घ्यावेत, कारण हरकतीची मुदत टळल्यावर साधी टंकलेखनाची चूकही डोकेदुखी होऊन बसते.

कागदपत्रांत सर्वाधिक रखडते ते जात वैधता प्रमाणपत्र. अर्जात राखीव प्रवर्ग नोंदवला, जातीचा दाखला जोडला, परंतु वैधता हाती नाही, अशा स्थितीत विद्यार्थ्याचा विचार खुल्या प्रवर्गातून होऊ शकतो. जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे अकरावीतच प्रस्ताव दाखल केलेला बरा. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला प्रवेशाच्या वर्षाअखेर, म्हणजे पुढच्या 31 मार्चपर्यंत, वैध असावा लागतो. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला राज्य शासनाच्या विहित नमुन्यातच हवा. अधिवास प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावांत फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

त्यानंतर येतो ऑप्शन फॉर्म, आणि पूर्ण प्रक्रियेत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात एवढीच एक गोष्ट असते. कॉलेजांचा क्रम आपल्याला ती खरोखर ज्या क्रमाने हवी आहेत त्या क्रमाने लावावा. ‘हे तर मिळणारच नाही’ म्हणून आवडते कॉलेज खाली टाकण्यात काहीही फायदा नाही, कारण वरची पसंती न मिळाल्यास संगणक खालची पाहतो. वर लिहिल्याची शिक्षा होत नाही. उलट धोका दुसरा आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप गोठते आणि पुढील फेऱ्यांत सुधारणेची संधी राहत नाही. पुढच्या फेऱ्यांचे जागा गोठवण्याचे नियम शासन बदलत असते. त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतील हे पान पालक आणि पाल्य दोघांनी शेजारी बसून वाचावे. जिथे जायचेच नाही, असे नाव केवळ रकाना भरण्यासाठी वर लिहू नये.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. कॉलेजांच्या मान्यता उशिरा आल्या की बी. फार्म.च्या फेऱ्याही लांबतात आणि अलीकडच्या काही वर्षांत पहिले सत्र दिवाळीच्या आसपास सुरू झालेले आहे. या काळात ‘जागा संपतील, आत्ताच पैसे भरून ठेवा’ असे सांगणारे मध्यस्थ गावोगाव फिरतात. विनाअनुदानित कॉलेजांत 20 टक्के जागा संस्था स्तरावर भरता येतात, त्यांचीही जाहिरात आणि गुणवत्ता यादी लागते. मात्र त्या जागांवर प्रवेश घेतल्यास बहुतेक शासकीय शुल्क सवलतींवर पाणी सोडावे लागते. कॅपिटेशन फी, म्हणजे ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त देणगीच्या नावाने घेतलेली रक्कम, महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. शासकीय कॉलेजची फी त्यामानाने बरीच कमी असते.

सवलतींमध्ये मुलींच्या पालकांनी एक निर्णय जरूर माहीत करून घ्यावा. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि इतर मागास प्रवर्गांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आणि कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन पूर्णपणे भरते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजना आणि सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांच्या योजना आहेत. अर्ज महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर दरवर्षी करायचा असतो; एकदा केला म्हणजे चार वर्षांची सोय झाली, असे होत नाही.

प्रवेश झाला. मग चार वर्षे शिकायचे काय? अभ्यासक्रम पीसीआयने आखलेला असल्यामुळे मुंबई, पुणे, नागपूर किंवा लोणेरे, कोणत्याही विद्यापीठात विषय जवळपास तेच असतात. आठ सत्रे आणि किमान 208 श्रेयांक. बारावीला गणित घेतलेल्यांना पहिल्या सत्रात पूरक जीवशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्यांना पूरक गणित करावे लागते, म्हणजे कोणत्याही गटातून आलात तरी उणीव भरून काढण्याची सोय आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, अकार्बनी व कार्बनी रसायन, जीवरसायन आणि औषधांच्या रूपांची तोंडओळख होते. दुसऱ्या वर्षापासून सूक्ष्मजीवशास्त्र आणि भौतिक औषधनिर्माण येते, चौथ्या सत्रात औषधी रसायन, फार्माकोलॉजी (औषधांचे शरीरावरील परिणाम) व फार्माकोग्नोसी (नैसर्गिक औषधांचा अभ्यास) सुरू होतात. बहुतेकांना जड जाते ते कार्बनी रसायन, जे सलग तीन सत्रे चालते. त्यातल्या पहिल्याच सत्रात अभिक्रियेची यंत्रणा कागदावर काढून समजून घेण्याची सवय लावली, तर पुढचे औषधी रसायन आपोआप सोपे होते.

या शिक्षणाचा गाभा कळतो तो तिसऱ्या वर्षाच्या गोळ्यांच्या प्रात्यक्षिकात. पॅरासिटामॉलची पावडर सरळ यंत्रात घातली तर नीट गोळी बनत नाही, कारण तिचे कण एकमेकांना धरत नाहीत. म्हणून स्टार्चची खळ करून ती पावडरीत मळतात, तो ओला गोळा चाळणीतून दाबून दाणे काढतात, ते ओव्हनमध्ये वाळवतात, त्यात टाल्क व मॅग्नेशियम स्टिअरेट मिसळतात आणि मग यंत्रावर गोळ्या पाडतात. दाणे फार सुकले तर गोळीचा वरचा थर टोपीसारखा सुटून येतो, ओले राहिले तर गोळी यंत्राच्या पंचला, म्हणजे दाब देणाऱ्या दांड्याला, चिकटते. पाडलेल्या गोळ्यांपैकी 20 गोळ्यांचे वजन एकेक करून घेतात. 250 मिलिग्रॅमपेक्षा जड गोळीला सरासरीपासून पाच टक्के फरकाची मर्यादा आहे. पुढे त्या एका फिरत्या डब्यात मिनिटाला 25 या वेगाने 100 फेरे फिरवतात आणि झीज एक टक्क्याच्या वर गेली नाही ना, हे पाहतात. शेवटी 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात गोळी 15 मिनिटांच्या आत फुटून विखुरते का, ते तपासतात. तापाच्या वेळी आपण न बघता गिळतो त्या गोळीमागे एवढी शिस्त असते, आणि तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर हीच शिस्त हजारो पटींनी मोठ्या प्रमाणावर पाळायची असते.

याच वर्षी कायद्याचा विषय असतो, जो विद्यार्थी बहुधा पाठांतराने उरकतात. तसे करू नये. शेड्यूल एच-1 या काटेकोर नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीतील प्रतिजैविक किंवा क्षयरोगावरील औषध विकले की डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि ते किती दिले हे वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. हे कलम प्रतिजैविकांचा बेसुमार वापर रोखण्यासाठी आहे, हे ध्यानात आले की विषय कोरडा राहत नाही.

सहाव्या सत्रानंतर कारखान्यात किंवा रुग्णालयात 150 तासांचे प्रशिक्षण असते, सातव्या सत्रात फार्मसी प्रॅक्टिस आणि आठव्यात प्रकल्प. फार्मसी प्रॅक्टिस हा विषय रुग्णाशी थेट जोडतो. मेथोट्रेक्सेटचेच उदाहरण घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवरील सूचना नीट न समजल्याने रुग्णाने ती रोज घेतली, तर अस्थिमज्जेवर विषारी परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. पाकीट हाती देताना ‘आजी, ही गोळी फक्त सोमवारी, बाकीच्या दिवशी अजिबात नाही’ असे सांगणारा आणि पाकिटावर तो वार ठळक लिहून देणारा माणूस हा अपघात टाळू शकतो. कलम 42 ने राखून ठेवलेले काम हे आहे.

परीक्षेचे नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येक विषयात 80 टक्के हजेरी हवी. लेखी विषयाचे 25 गुण अंतर्गत आणि 75 गुण सत्रान्त परीक्षेचे असतात, उत्तीर्ण होण्यास 50 टक्के लागतात. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी चौथ्या सत्रापर्यंत पुढे जाता येते, परंतु पहिल्या दोन सत्रांतील सर्व विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्राला बसता येत नाही. वर्ष वाया गेलेली बरीच मुले याच उंबरठ्यावर अडखळतात.

पदवीनंतर एम. फार्म.साठी जीपॅट ही राष्ट्रीय परीक्षा आहे. अन्न व औषध प्रशासनातील औषध निरीक्षकपदासाठी फार्मसीची पदवी चालते, पदविका चालत नाही. अमेरिकेत फार्मासिस्ट म्हणून परवाना मिळवण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी मात्र बारावीनंतरच नीट ठरवावे. 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी उमेदवारांकडून तिथे किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम मागितला जातो. चार वर्षांची बी. फार्म. त्यात बसत नाही, फार्म. डी. बसते. चौथ्या वर्षी ही माहिती मिळाली तर पश्चात्तापाखेरीज हाती काही उरत नाही.

इथेच व्यवसाय करायचा असेल, तर अंतिम निकाल लागताच पदवीचे तात्पुरते प्रमाणपत्र, गुणपत्रके आणि इतर मूळ कागद घेऊन महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज करायचा. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे लागते आणि त्यासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्ग पूर्ण करावे लागतात. नोंदणी झाली की एखादा दुकानदार घरी येऊन ‘तुम्ही यायची गरज नाही, फक्त प्रमाणपत्र भिंतीवर लावू द्या, महिन्याला पैसे पोहोचवतो’ असे म्हणण्याचा संभव असतो. त्या दुकानात तुमच्या नावाखाली कोणी चुकीचे औषध दिले तर चौकशीत नाव तुमचे असेल आणि नोंदणी रद्द होण्याची वेळही तुमच्यावरच येईल. अशा माणसाला पहिल्याच भेटीत नकार द्यावा, आणि त्याच दुकानात रोज उभे राहून काम करायला आपण तयार आहोत, असे सांगावे.